अंगठ्यातलं काळं रक्त

कोरियातल्या बुसानच्या मासळीबाजारात कुणाचं पोट बिघडलं की माणूस थेट मालसूनच्या ठेल्यावर यायचा. तिच्या सुईला गुण आहे म्हणे! पाठीवर चार धपाटे घालायचे, दंडापासून बोटापर्यंत चोळत आणायचं, अंगठा दोऱ्याने करकचून आवळायचा आणि नखाच्या मुळाशी सुई टोचायची. काळं रक्त आलं, ढेकर आली, की अडकलेलं अन्न सुटलं. तिची आई हेच करायची, आजीही.

नवरा ब्योंगदू तर तिचं हक्काचं गिऱ्हाईक. दीड वर्षापासून त्याचं पोट जळजळत होतं. चार घासांत पोट भरायचं, विजार कमरेवरून घसरायला लागली होती. चाळिशीनंतर सरकारतर्फे फुकट होणारी, पोटात नळी घालून करायची तपासणी त्याने दरवेळी टाळली होती.

"अगं, शौचाला डांबरासारखं काळं होतंय," तो एकदा म्हणाला.

"परवा माकुलाची शाई चाटूनपुसून खाल्लीत, ती कुठे जाणार? आणा अंगठा!"

एके दुपारी तो भाताची वाटी अर्धी टाकून खोक्यावर बसला. चेहरा पांढराफटक. मालसूनने सुई काढली, तशी समोरची सुक्या मासळीवाली चुनजा उठून आली.

"सुई ठेव खाली. यांना दवाखान्यात ने."

"मला शिकवू नकोस! काळं रक्त निघतं, ते दिसत नाही तुला?"

चुनजाने आपला अंगठा पुढे केला. "माझं पोट ठणठणीत आहे. आत्ताच दोन वाट्या भात हाणलाय. बांध दोरा, टोच."

मालसूनने रागारागाने टोचलं. थेंब वर आला. काळा!

"आवळलेल्या बोटातलं रक्त काळंच येणार गं बाई, कुणाचंही! माझा माणूस असाच गेला. मीच त्याला तुझ्याकडे आणत होते, आठवतं?"

मालसूनने सुई खाली ठेवली आणि ब्योंगदूला हाताला धरून उठवलं.

पोटाचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत पसरलेला. शौचाला होणारं ते काळं म्हणजे पोटात झिरपणारं रक्त होतं. "वर्षभर आधी आला असतात तर..." डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवसांत ब्योंगदू खाटेवरून अंगठा पुढे करायचा. "टोच ना गं, तुझ्या हाताने बरं वाटतं." ती तो अंगठा नुसता मुठीत धरून बसायची. पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही.

काही महिन्यांनी मुलगा गीजुन ठेल्यावर आला आणि सवयीने अंगठा पुढे केला. "आई, टोच जरा. महिनाभर जळजळतंय."

"चुनजा, ठेल्याकडे बघ गं! चल रे, दवाखान्यात."

"अगं, साधं अपचन असेल!"

"असू दे ना! पण ते डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे मला!"

त्याच्या जठरात व्रण निघाला, जंतूंमुळे झालेला. औषधाने बराही झाला.

मंडळी, आपणही ओवा चावतो, सोडा पितो, ढेकर आली की दुखणं गेलं म्हणतो. एखाद्या दिवसाचं अपचन घरी बरं होतं, हे खरं. पण जे पुन्हापुन्हा येतं, ते घरात दडपू नये.

लोक अजूनही मालसूनपुढे अंगठा धरतात. ती विचारते, "किती दिवस दुखतंय? वजन उतरलंय? शौचाला काळं होतं?" आणि एकाचंही उत्तर वाकडं आलं, की मनगट धरून दवाखान्यात नेते. ब्योंगदूने तर काळं होतंय हे तिने न विचारताच सांगितलं होतं.