ओढ्याचं पाणी उतरलं

ऐन उन्हाळ्यात सकाळी ओढ्याचं पाणी निम्म्यावर आलं. खालच्या वस्तीला बरंच वाटलं. वर कड्यावरच्या केंद्रात मोजणीवालीने मात्र पाण्याचा आकडा पुन्हा तपासला.

बावीस वर्षं ती हिमनदीची मापं घेत होती. पूर्वी बर्फाचं टोक खिडकीतून दिसायचं. आता तिथवर दीड तास चढावं लागे. बर्फ मागे सरला तिथे दगडगोट्यांच्या बांधाआड तळं साठलं होतं; ओढा त्यातूनच निघे. इतक्या उन्हात ओढा फुगायला हवा होता. म्हणजे तळ्याचं तोंड बर्फाने बुजलं असणार आणि पाणी आत चढत असणार.

तिने खाली वीजघरात भावोजींना फोन लावला.

"काठावरच्या सगळ्यांना वर शाळेत न्या. ताईलाही. आत्ताच."

"चिमणे, दोन वर्षांपूर्वीही असंच पळवलंस. डोंगर पोखरून उंदीर निघाला. तळं पाहिलंस का?"

"जाऊन येण्यात तीन तास जातील. चुकले तर खुशाल नावं ठेवा. पण भोंगा वाजवा!"

फोन बंद झाला. दहा मिनिटं काहीच नाही. मग भोंगा वाजला आणि तिने वहीत वेळ टिपली.

तासाभराने भावोजींचाच फोन आला. "लोक परत निघाले होते. मी सांगितलं, तळं मी काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मला आता चढउतार झेपत नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी थाप पचली. आता माझीही अब्रू तुझ्या हाती आहे."

"तुम्ही कुठे आहात?"

"वीजघराची पाण्याची दारं बंद करतोय. निघतोच."

दुपारी वर गडगडाट झाला. चिखल, दगड, बर्फाचे तुकडे घेऊन पाणी केंद्राखालून गेलं. तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पंचवीस वेळा लावला.

दिवस कलताना ताईचा आवाज आला. "सगळे आहेत गं. हे पण आहेत. पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे. सात घरं गेली. वीजघरही."

त्यानंतर किती वेळ ती रडत होती, तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर पोचली. बांध अर्धाच खचला होता. उरलेल्या भागातून पाणी झिरपत होतं आणि मागे अजून निम्मं तळं भरलेलं होतं. तिने तिथूनच फोन केला.

"कुणाला खाली जाऊ देऊ नका."

या वेळी भावोजींनी थट्टा केली नाही. "किती दिवस?" एवढंच विचारलं.

"तळं उतरेपर्यंत. रोज मोजून कळवते," म्हणत तिने काठावर मापाची काठी रोवली.