उंचीबाबाचा वाढता दगड

“वाढला! अजून दोन बोटं वाढला!” दगडाला सुतळी लावून उंचीबाबा ओरडला, तशी उतारावरच्या त्या अरुंद गल्लीत एकच झुंबड उडाली. दीड महिन्यापूर्वी जेमतेम वीतभर दिसणारा दगड आता गुडघ्याला आला होता. बाबाचं पोटही त्याच वेगानं वाढत होतं, पण ते कुणी मोजत नव्हतं.

“त्याला तहान फार! घागरी ओता, भरभराट होईल!”

लोक शेकड्यानं घागरी ओतत. घागरी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कुंभारणीकडून विकत घेतलेल्या, त्यामुळे तिलाही बाबा सुरुवातीला गोडच वाटला. शिवाय गल्लीच्या तळाशी, तिच्या खड्ड्यात पाणी साचायचं तिथं, हल्ली फुकटात मऊसूत चिकणमाती मिळत होती.

मग दगडाला लागून एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्या मावशीच्या घराच्या भिंतीला तडा गेला.

“शक्ती अंग पसरतेय,” बाबा म्हणाला. “घर सोडलंस तर कोप होईल.”

मावशीनं हात जोडले आणि त्याच भिंतीशी अंथरूण घातलं. कुंभारणीनं हातापाया पडून पाहिलं, पण म्हातारी हलेना.

दुसऱ्या दिवशी माती मळताना कुंभारणीच्या हाताला निळ्या चुन्याचे कपचे लागले. तो रंग मावशीच्या जोत्याचा! ती तळापासून गल्ली चढत गेली. आधी चिकणमाती, वर रेती, त्याहून वर खडे. वाहतं पाणी मंदावलं की जड ते आधी टाकतं आणि बारीक गाळ सगळ्यात लांब नेतं, हे तिला शिकवायला कुणी नको होतं. आपण मावशीच्या घराच्या पायाचीच मडकी करतोय, या विचारानं तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं विजेच्या खांबापासून समोरच्या शिंप्याच्या खिडकीच्या गजापर्यंत, दगडाच्या डोक्याला टेकेल अशी दोरी ताणून बांधली. दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर शिंप्यानं टेपनं मोजून ठेवलं.

“ओता आता! वाढला तर दोरी उचलेल.”

संध्याकाळपर्यंत तीनशे घागरी झाल्या. दोरी जागची हलली नाही.

“अश्रद्धेनं वाढ खुंटली!” बाबानं ठोकून दिलं.

शिंप्यानं पुन्हा टेप लावला. “पण दोरीपासून जमीन दोन बोटं खाली गेलीय, बाबा.”

“दगड तेवढाच आहे,” कुंभारीण म्हणाली. “तुमच्या पाण्यानं भोवतीची माती गेली. ती खाली माझ्या खड्ड्यात येऊन पडलीय, या बघायला. आणि मावशीचं जोतं बघा, तेही वीतभर वर आलंय. त्यालाही हार घालायचा का?”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबानं तातडीनं पिशवी उचलली.

मावशीनं वाकून जोत्याखाली हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. “मेल्या, मी इथंच उशी टेकून झोपत होते रे!” ती बाबावर ओरडली.

अंथरूण त्याच संध्याकाळी कुंभारणीकडे गेलं. तिसऱ्या दिवशी भिंत कोसळली. खाली कुणी नव्हतं.

लोकांनी पुढं पाट खणून पाणी वळवलं आणि घराच्या उघड्या पडलेल्या पायाशी मातीची भर घातली. चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण त्याआधी एकदा टेप लावा आणि आजूबाजूला काय कमी झालंय तेही बघा.