पहिलं पाणी

आमच्या बिशपनं अख्ख्या धर्मप्रांतासकट मूळ चर्चशी काडीमोड घेतला, कारण चर्च जुन्या शिकवणीपासून ढळलं, असं त्यांचं म्हणणं. कोर्टात इमारत मूळ चर्चला मिळाली. ताई बिशपमागे शाळेच्या हॉलमधल्या उपासनेला जाऊ लागली, मी इथंच, जुन्या चर्चमध्ये राहिले. अंथरुणाला खिळलेल्या आईनं कुणाचीच बाजू घेतली नाही. दोन्हीकडचे पाळक घरी येऊन तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायचे. "भाकर दोन्हीकडची सारखीच कोरडी," म्हणायची.

वेदीची वस्त्रं धुणं हे आमच्या घराकडचं काम. आईनंच आम्हा दोघींना शिकवलं. प्रभुभोजनाचा प्याला पुसलेल्या रुमालाचं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, बाहेर मातीत ओतायचं. प्याल्यातला द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, त्याचा अंश त्या पाण्यात असतो. आणि वेदीच्या मोठ्या वस्त्राची घडी दोघींनी दोन टोकं धरून घालायची. ताई गेल्यापासून मी ती एकटीच टेबलावर घालते आणि दर वेळी वाकडी होते.

आई गेली. अंत्यविधी इथंच झाला, म्हणून ताई आली. आईसाठी तरी आज ती माझ्याशेजारी गुडघे टेकेल, अशी मला वेडी आशा होती. प्रभुभोजनाला सगळे उठले. ताई मान खाली घालून बाकावरच बसून राहिली. मी एकटीच पुढे जाऊन गुडघे टेकले.

चर्चच्या आवारातच आईला बाबांशेजारी माती देऊन आल्यावर मी चर्चच्या मागच्या खोलीत प्याल्याचा रुमाल तसराळ्यात भिजवला. ताई दारात आली.

"रागावलीस?"

"नाही, नाचतेय."

"तुमच्या पाळकांच्या हातून मला घेता येत नाही गं. माझ्या लेखी ते खरं प्रभुभोजनच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुमाल पिळून मी तसराळं तिच्यापुढे सरकवलं. "मग हे नुसतं धुण्याचं पाणी. ओत मोरीत."

तिनं दोन्ही हातांनी तसराळं उचललं, थेंबही सांडू न देता बाहेर नेलं आणि आईच्या ताज्या मातीवर सावकाश ओतलं. खिडकीतून तिचे खांदे हलताना दिसत होते. मलाही रडू आवरेना.

आता आत येईल, दुसरं टोक धरेल, असं वाटून मी घडी घालायला वेदीचं मोठं वस्त्र काढून आणलं.

तिनं तसराळं पायरीवर पालथं घातलं, आई घालायची तसंच, आणि फाटकातून निघून गेली. घडी मी एकटीनंच घातली. वाकडी झाली.