कृष्णविवरात पडलेली बॅटरी

मित्रांनो, मुलुंडच्या एका बैठ्या घरात, टेबलाच्या खणात मी पडून आहे. दोन सेलची जुनी, पत्र्याची बॅटरी. हा खण क्वचितच उघडतो, म्हणून आज तुम्हालाच माझी हकिकत सांगते.

१९७१ साली घाटकोपरच्या एका दुकानातून दत्ताराम सरांनी मला विकत आणले. सर शाळेत विज्ञान शिकवत. संध्याकाळी घरी परतताना वाटेत उघडी गटारे लागत, तिथे मी उजेड पाडायची. पहिले वर्ष सुखाचे गेले. सर मला बाहीने पुसत आणि माझ्यामुळे आपण धडपणे घरी पोचतो, असे पत्नीला, विमलाबाईंना, कौतुकाने सांगत.

पुढे मात्र त्यांची कुरकुर सुरू झाली. सेल उतरले म्हणून ते नवे घालत, आणि दोनच दिवसांत पुन्हा तीच तक्रार. मित्रांनो, माझा उजेड भरपूर होता. तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि मला बोलता येत नव्हते.

१९७३ साली सरांच्या वाचनात कृष्णविवर आले. नववीच्या वर्गाला ते शिकवायचे ठरवून एका रविवारी दुपारी खिडक्या लावून त्यांनी घरीच तालीम केली. विवरात पडणारी वस्तू म्हणजे मी. विमलाबाईंनी माझी उघडझाप करत हळूहळू कोपऱ्यात सरकायचे होते.

सर समजावू लागले. कृष्णविवर म्हणजे आतल्या आत कोसळलेला प्रचंड तारा. त्याची ओढ एवढी, की उजेडही बाहेर निसटत नाही. बॅटरी त्यात पडू लागली, की लांबून बघणाऱ्याला तिची उघडझाप संथ होताना दिसेल, उजेड लाल होत होत दिसेनासा होईल. बॅटरी मात्र आपली पहिल्यासारखीच लागत राहील. खूप आत गेल्यावर ती शेवईसारखी ताणली जाऊन तुटेल. पण विवर मोठे असेल, तर जिथून परत फिरता येत नाही ती सीमा ओलांडल्याचे तिला कळणारसुद्धा नाही.

ऐकताना मला फार एकटे वाटले.

"हं, आता लाव," सर म्हणाले.

"लावलीय. केव्हाची."

सर समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला, चार पावलांवर लखलखत होते. विमलाबाई एकेक पाऊल पुढे आल्या. मी अगदी चेहऱ्यासमोर आले, तेव्हा कुठे सरांचे डोळे दिपले.

"कधीपासून हो?"

सर खाटेवर बसले. "नक्की नाही सांगता येत. बाजूचं दिसेनासं झालं ते कळलंच नाही. कळलं तेव्हा नोकरीची भीती वाटली."

डॉक्टरांनी उपाय नसल्याचे सांगितले. नजर कडेने मिटत जाणार होती. मग सरांनी स्वतःच मुख्याध्यापकांना सगळे सांगितले आणि वर्ष संपेपर्यंत शिकवण्याची परवानगी मिळवली. कृष्णविवराच्या तासाला विमलाबाई मला घेऊन वर्गात उभ्या राहिल्या. शेवटी हिल्डा नावाच्या मुलीने विचारले, आत पडणाऱ्याला भीती वाटेल का?

सर म्हणाले, "एकटा असेल तर वाटेल."

वर्ष संपून शाळेची नोकरी सुटल्यावर विमलाबाई त्यांना बाहेर हात धरून नेऊ लागल्या. माझी गरज उरली नाही. मला खणात ठेवले ते सेलसकट. सेल फुटले, आतून गंज चढला. आता मी लागत नाही.

मित्रांनो, वापरात नसलेल्या बॅटरीतले सेल तेवढे काढून ठेवा. आणि घरातले कुणी चाचपडताना दिसले, तर जवळ जाऊन विचारा. आपण होऊन कुणी सांगत नाही.