बाळंतीण आणि पाकट

मुआरमध्ये माझ्या भावाची, रमलीची, खानावळ विचारलीत तर कुणीही सांगेल: नदीकडे चालत राहा, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं की थांबा. तो पाकट माशाचं असाम पेडास, म्हणजे आंबट-तिखट कालवण, करतो. चिंचेचा कोळ, लाल मिरच्यांचं वाटण, केसुमचा पाला, भेंडी आणि पाकटाच्या पंखाचे हे एवढाले तुकडे. मलाक्काची माणसं मुद्दाम येतात, घाम पुसत खातात आणि जाताना 'आमच्याकडचं जास्त चांगलं असतं' असं म्हणतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

त्याच खानावळीच्या मागच्या खोलीत त्याची एकुलती एक लेक आइदा बाळंतीण होऊन पडली होती. आणि बाळंतिणीला पाकट म्हणजे विष. चव्वेचाळीस दिवस नाव काढायचं नाही. पाकटाच्या शेपटीला काटा, काट्यात विष, ते ओल्या अंगात भिनलं की जन्मभर कंबर धरून बसा. हे माझ्या आजीचं म्हणणं, आणि आजी नव्वदीतही नारळ सोलायची. आइदाची आई हयात नाही, तेव्हा पथ्य सांभाळायचं काम थोरली आत्या म्हणून माझ्याकडे आलं. माझ्या हाताखालून गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणी गेल्यात. तापवलेल्या दगडाने पोट शेकण्यात आणि पोटपट्टा आवळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आइदाला भाजलेली मरळ, मिरी घातलेला भात आणि आल्याचं पाणी. मीही तिच्याबरोबर तेच जेवायचे. एकटीला ते घशाखाली उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. रमलीला मात्र मी खोलीत फिरकू देत नव्हते. त्याच्या अंगालाच पाकटाचा वास. आंघोळ करून, कपडे बदलून ये म्हटलं, तर तो रात्री खानावळ आवरून यायचा आणि तोवर लेक झोपलेली असायची.

पण वासाला कोण आवरणार? सकाळी पातेलं चुलीवर चढलं की तो भिंतीतून यायचा. आइदा ताट बाजूला सारून नाक वर करायची.

"आत्या, आज चिंच जास्त पडलीय."

"तुला काय करायचंय? मरळ खा."

"जरासं चाखू दे ना. घासभर."

"जिभेचे चोचले पुरे तुझे. बाळाला दूध पाजायचंय की पाकट?"

"आत्या, तुला कळत नाहीये."

"मला कळत नाही? तुझ्या बापाच्या जन्माच्या वेळी मी दारात उभी होते!"

मग ती मरळ चिवडायची. चार घास खाऊन ताट ठेवायची. गालांची हाडं वर आली, बाळ किरकिरं झालं. मी मनातून घाबरले होते, पण म्हटलं, हे लाडाचं नाटक आहे, आपण नमतं घेतलं की संपलं.

शनिवारी जावई आला, हिशाम. क्वालालंपूरला बँकेत असतो. आइदा लग्नानंतरही इथेच बापाच्या मदतीला राहिली, तो सुट्टीला येतो आणि माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो. त्या दिवशी त्याच्या हातात बाळाच्या लंगोटांची पिशवी होती आणि ती त्याने छातीशी अशी धरली होती, जणू आत दुसरं बाळ आहे.

"इकडे दे, घडी घालते," मी म्हटलं.

"नको आत्या, मी घालतो."

नवरा म्हणवणारा पुरुष आपणहून लंगोटांच्या घड्या घालतो म्हणाला, तिथेच मी ओळखलं. पिशवी ओढली. लंगोटांच्या खाली डबा, डब्यात रमलीच्या पातेल्यातलं पाकट. वरच्या लंगोटाला लाल डाग.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "बायकोला कायमची पांगळी करून ठेवायचीय?"

"ती फोनवर रडते हो आत्या. रोज. चाखायचंय म्हणते."

"हिशाम, झाकण काढ," आइदा पलंगावरून म्हणाली.

आणि त्या शहाण्याने काढलं.

आता आली का पंचाईत! आमच्यात समोर आलेलं अन्न न शिवता माणूस घराबाहेर पडला, तर वाटेत त्याच्यावर संकट येतं. साप डसेल, गाडी घसरेल, काहीही. उद्या बाळाला टोचायला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणजे आइदाला बाहेर पडावंच लागणार. खाऊ दिलं तर विष, शिवू दिलं नाही तर घात. आजीने दोन्ही शिकवलं होतं, पण दोन्ही एकदम आलं तर काय करायचं, हे सांगायच्या आत ती गेली.

"एक बोट," मी शेवटी म्हटलं. "नुसतं रश्शाला शिवायचं आणि जिभेला लावायचं. माशाला हात लावलास तर बघ."

मी करंगळीच पुढे करायला लावली. तिने ती बुडवली, जिभेवर ठेवली. मला वाटलं, आता हिचा जीव शांत होईल. तर तिचं तोंड वाकडं झालं. कडू काढा प्यायल्यासारखं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "हे लोकांना वाढतायत?"

मी बोट बुडवलं. चिंचच चिंच. मीठ जवळजवळ नाहीच. मुआरचे लोक भिडस्त, रमलीला तोंडावर कोण सांगणार? निमूट खाऊन जात असतील आणि पुन्हा येत नसतील. आणि मी घरातली, तर मी मरळ खात बसलेले!

आरडाओरडा ऐकून रमली दारात आला होता. हातात झारा, डोक्याला फडकं. डब्याकडे त्याने पाहिलंच नाही. तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता.

"चिंच?" त्याने विचारलं.

"आणि मीठ, आबा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मी आत्याला कसं सांगणार? तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला कळू देऊ नकोस."

रमली उंबऱ्यावर बसला. "चव जाऊन वर्ष होत आलं, ताई. आंबट नाही, खारट नाही, काही लागत नाही. ही रोज चाखायची. ही नुसती उभी राहिली तरी तोंडावरून मला कळायचं काय कमी आहे. आता तू दार लावून घेतलंस."

मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. बाप मूर्ख, लेक मूर्ख, आणि मी, राखणदार, सगळ्यांत मोठी. पोरीला हावरट म्हणत होते. बापाची अब्रू जातेय हे तिला भिंतीआडून वासावरून कळत होतं आणि मी तिला मिरीचा भात भरवत होते.

"वाटी आण," मी रमलीला म्हटलं.

"कसली?"

"पातेलं उतरायच्या आधी रोज वाटीत रस्सा घेऊन यायचं. मासा नाही. एक बोट. पथ्य मोडत नाही, हे नुसतं शिवणं आहे, खाणं नाही. मला विचारायला कुणी येऊ दे, मी बघते."

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. आंघोळ नाही, काही नाही, पाकटाचा वास घेऊन थेट उंबऱ्यावर. आइदा करंगळी बुडवते, तो तिच्या भुवयांकडे टक लावून बघतो. डावी हलली की मिठाला पळतो, नाक मुरडलं की गुळाला. लेक आता भाताचं ताट पुसून खाते आणि खानावळीत पुन्हा बाकं कमी पडतात.

काल तिने बोट चाटलं आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. नुसती हसली. रमली जागचा हलेना.

"जा की," मी म्हटलं, "गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"थांब गं, ताई," तो म्हणाला. "बघू दे जरा."