कल्पनेतली बाई

"तुम्ही आमच्याकडे नोकरीला कधी नव्हताच, मावशी," विभागप्रमुख म्हणाला आणि तिचा अर्ज बोटाने परत तिच्याकडे सरकवला. "मग दाखला कसला देऊ?"

मावशी उभीच होती. त्याने बसा म्हटलं नव्हतं. 'मुलं आता संगणकावरची छायाचित्रं बघून चित्रं काढतील, तुम्ही येऊ नका,' असा निरोप त्याने शिपायाकरवी धाडला होता. तोही तिने मुकाट्याने गिळला होता. एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात पक्की जागा निघाली होती, आणि आधी कुठे काम केलं याचा दाखला ते मागत होते. तेवढ्यासाठीच ती आली होती.

"मग इतकी वर्षं मी इथे काय करत होते?"

"यायचात अधूनमधून. तुमचे पैसे साहित्याच्या खर्चात टाकलेत. कागद, कोळसा, रंग आणि तुम्ही." तो हसला. "वाईट वाटून घेऊ नका. पद्धतच आहे ती."

चित्रकलेच्या त्या महाविद्यालयात मावशीचं काम म्हणजे चौथऱ्यावर, अंगावर कपडा न ठेवता, मुलांसमोर न हलता बसणं. नवरा गेला तेव्हा मुलगी रांगत होती आणि दुसरं काही मिळत नव्हतं. हा विभागप्रमुख त्या काळातला विद्यार्थी. काटकुळा म्हणून पोरं त्याला बोरू म्हणायची. नापास झाला तेव्हा जिन्यात रडत बसला होता. मावशीने आपल्या डब्यातलं त्याला भरवलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी फुकट त्याच्यासमोर बसली होती. त्या बैठकांतून निघालेल्या चित्राला मोठं बक्षीस मिळालं, बक्षिसावर नोकरी मिळाली, नोकरीतून ही खुर्ची.

जिना उतरताना तिला रडू आलं नाही. याला मी सोडणार नाही, ती स्वतःशी म्हणाली.

दाखला नव्हता म्हणून धुलाईखान्यात तिला रोजंदारीवरच घेतलं. तिथल्याच एका बाईने तिला वकीलबाईंकडे नेलं. कामगारांची गाऱ्हाणी घेऊन भांडणारी ही तरुण मुलगी एका लहानशा खोलीत बसायची.

"नोकरी होती हे दाखवायला काहीतरी लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "हजेरी, ओळखपत्र, कुठे सही?"

"काही नाही."

"मग आहे काय?"

मावशीने विचार केला. "मी आहे. पोरांनी काढलेली. खाली तारखा टाकलेल्या असतात."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती चित्रं अधिकाऱ्यांच्या टेबलावर येतील. कारकून बघतील, शिपाई बघतील. घरी माहीत आहे?"

माहीत नव्हतं. आई महाविद्यालयात झाडलोट करते, असं लेक आणि जावई समजून होते.

तक्रार पोचली तसा बोरू धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी आला. मावशी भिजल्या चादरी पिळत होती.

"मागे घ्या तक्रार," तो हळू आवाजात म्हणाला. "झाडलोटीची जागा देतो, पक्की. चित्रं बाहेर आली तर लेकीसमोर उभ्या राहाल कशा? जावई काय म्हणेल? तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"त्या चादरीचं टोक धर."

त्याने धरलं. मावशीने आपल्या बाजूने असा पीळ दिला की सगळं साबणाचं पाणी त्याच्या बुटांत गेलं.

"लेकीला मीच सांगते आज," ती म्हणाली. "तुला धमकी द्यायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

लेक कपड्यांना इस्त्री करत होती. ऐकता ऐकता तिने इस्त्री बंद केली.

"सगळ्यांसमोर? कपडे न घालता?"

"त्यावरच तू शिकलीस."

"ते झालं ते झालं, आई. पण आता गप्प बस. ह्यांच्या कचेरीत कळलं तर मी कुठे जाऊ? जाऊ दे त्या माणसाला."

"त्याला नाही जाऊ देणार."

"म्हणजे माझ्यापेक्षा तो मोठा झाला तुला."

त्या घटकेला ते खरंच होतं, आणि लेकीला ते तिच्या तोंडावर दिसलं. दुसऱ्या दिवशी जावयाने मावशीची पेटी दाराजवळ आणून ठेवली. तिने धुलाईखान्याच्या मागे एक खोली घेतली.

सुनावणीला जुने विद्यार्थी आले. एक दुकानांच्या पाट्या रंगवणारा, एक शाळेतला चित्रकला शिक्षक, एक संसारात चित्रं काढायचं विसरून गेलेली बाई. सगळ्यांनी माळ्यावरच्या, पेटीतल्या गुंडाळ्या शोधून आणल्या होत्या. कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या एकेक उलगडल्या गेल्या. काळ्या केसांची मावशी, कानशिलाशी पिकलेली मावशी, पोट सुटलेली, गुडघे वाकलेली. कोपऱ्यातला एक कारकून मान उंचावून बघत होता. मावशीने त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की त्याने मान खाली घातली.

शेवटी महाविद्यालयाच्या दालनातलं बक्षिसाचं चित्र दोघांनी धरून आणलं.

"ही कोण?" वकीलबाईंनी बोरूला विचारलं.

"कोणी नाही. कल्पनेतली बाई आहे."

मावशी उठली. खांद्यावरची शाल तिने खुर्चीवर ठेवली आणि पोलक्याची बाही खांद्यावरून खाली ओढली. डाव्या खांद्यावर तळहाताएवढा भाजल्याचा डाग होता. चित्रातल्या बाईच्या खांद्यावरही तोच होता, तसाच, कडेला सुरकुतलेला.

"थंडी होती म्हणून ह्याने शेगडी ठेवली होती," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "फार जवळ आली. मी हलले नाही, कारण ह्याचं चित्र अर्धं होतं. साहेब, कल्पनेला भाजतं का?"

मागून पाट्या रंगवणारा म्हणाला, "सांग ना रे, बोरू."

बोरूने ओठांवरून जीभ फिरवली. "मावशी आहेत," तो म्हणाला.

निकाल तिच्या बाजूने लागला. तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघींना पगारी नोकर म्हणून परत घ्यावं लागलं. खोटं बोलल्याबद्दल बोरूचं प्रमुखपद गेलं आणि त्याला पहिल्या वर्षाचे वर्ग दिले. मावशीने निकालाची बातमी लेकीला शेजारणीकरवी कळवली. तिकडून काही आलं नाही.

कोणत्या वर्गात बसणार, असं नव्या प्रमुखबाईंनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "पहिल्या वर्षाच्या."

ती चौथऱ्यावर चढली, झगा काढून बाजूला ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मुलं नवी होती, आधी बावरली, मग कामाला लागली. बोरू त्यांच्या पाठीमागून फिरत राहिला. एका मुलीची रेघ सुधारायला वाकला, पण मान वर करून समोर बघायचं त्याला जमेना, आणि न बघता रेघ काढता येईना. त्याने कोळसा तिच्या हातात परत दिला.

"विश्रांती," वेळ झाल्यावर तो म्हणाला.

मावशी हलली नाही. ती बसली आहे म्हटल्यावर मुलंही उठली नाहीत. कागदांवर कोळसा खरखरत राहिला. बोरू खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत तशीच ताठ बसून राहिली.