माझे अडुसष्ट टक्के

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. वायरलेस सेटवरून बोलणाऱ्याचा आवाज दूरवर पोचावा म्हणून त्याला बळ द्यायचं, हे माझं काम. पण जे घडलं ते आठवलं की मी आजही हादरतो.

मला ताईने घडवलं. ती इंजिनीअर. तिचा धाकटा भाऊ डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकात होता, आणि सेटच्या जड बॅटऱ्या वाहून त्याची पाठ मोडून जायची. म्हणून ताईने हट्टच धरला, की एकच ॲम्प्लिफायर रेडिओच्या खालच्या, वरच्या सगळ्या पट्ट्यांवर चालला पाहिजे आणि त्याने बॅटरीही कमी खाल्ली पाहिजे. दोन वर्षं तिने हाडाची काडं केली. माझी तांब्याची वेटोळी ती स्वतः गुंडाळायची आणि एक फेरा जास्त झाला तरी पुन्हा उलगडायची. माझे किती ट्रान्झिस्टर जळाले, विचारू नका.

अखेर मीटरवर आकडा आला, अडुसष्ट टक्के. म्हणजे बॅटरीतून शंभर घेतले तर अडुसष्ट कामी यायचे, बाकीच्यांची नुसती ऊब. ताईचे साहेब धावत आले. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. पूर्ण दिवस बॅटरीवर चालवून बघायची चाचणी तेवढी राहिली होती. ती नंतर करू, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्यासारखे आणखी बनवायला घेतले. मी धाकट्याच्या सेटमध्ये बसून डोंगराकडे निघालो. सोबत एकच बॅटरी.

महिन्याभराने एक बाई पाय मोडून कड्याखाली पडली. धाकटा दोराने तिच्यापाशी उतरला आणि स्ट्रेचर कसं सोडायचं ते वरच्यांना सेटवरून सांगू लागला. मी सहा तास चालेन असा सगळ्यांचा भरवसा होता. चार तास झाले आणि वरचा एक दगड हलताना त्याला दिसला. थांबा म्हणून सांगायला त्याने बटण दाबलं, आणि बॅटरी संपली. मी सुन्न झालो. तो बटण दाबत राहिला, मी मुका. वरच्यांनी स्ट्रेचर सोडलं, दोर घासला, दगड सुटला. धाकट्याने बाईला अंगाखाली घेतलं. ती वाचली. त्याचा उजवा हात चिरडला.

बॅटरीच खराब असणार, असं सगळे म्हणाले. साहेबांनी तर तसं लिहूनही टाकलं. ताईला मात्र चैन पडेना. तिने मला पुन्हा मीटरला जोडलं. अडुसष्टच! मग तिने एकेक वायर चाचपली आणि थबकली. मीटरच्या आधी लावायचा, नको ते सूर गाळणारा छोटा फिल्टर जागेवर नव्हता. शेजारच्या टेबलावरच्यांनी तो कधीचा उसना नेला होता. खालच्या पट्टीवर, म्हणजे पथक बोलायचं त्याच पट्टीवर, मी खऱ्या सुराबरोबर दुप्पट-तिप्पट उंचीचे फालतू सूरही काढत होतो, आणि भोळं मीटर तेही माझ्या कमाईत धरत होतं. सेटमधला फिल्टर मात्र ते अडवायचा, आणि कमी पडलेलं बळ भरून काढायला मी बॅटरी ओरबाडायचो. ताईने फिल्टर आणून लावला. एक्कावन्न.

मी खोटारडा होतो, मित्रांनो, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता!

ताई गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तिने मला पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला.

"बॅटरी चांगली होती रे," ती म्हणाली. "मीच मोजताना चुकले."

धाकटा म्हणाला, "ताई, असले अजून किती सेट बाहेर गेलेत?"

"अकरा."

"मग इथं काय बसलीस? ऊठ."

ती आल्या पावली निघाली. साहेब चिडले, पण दोन दिवसांत अकराही सेट परत आले.

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, आकडा मनाविरुद्ध आला की आपण पुन्हा मोजतोच. मनासारखा आला तर तेव्हाही मोजा. धाकटा सध्या डाव्या हाताने दोराची गाठ मारायला शिकतोय. अजून त्याला ती जमलेली नाही.